पूल कोणाचा? सोलापूर जिल्ह्यातील पूल, त्यांचे मालक आणि त्यांवरून चालणारी माणसे

पूल बांधला जातो तेव्हा त्याच्या मालकीचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, कारण पैसा देणारा, आराखडा काढणारा आणि उद्‌घाटन करणारा असे सारेच त्या वेळी समोर असतात. तो प्रश्न उभा राहतो तो पूल जुना होऊन पाडण्याची आणि त्याच्या जागी दुसरा उभारण्याची वेळ येते तेव्हा. जुन्या पुलाची तपासणी कोणी करायची, तो धोक्याचा झाला हे कोणी जाहीर करायचे, नव्याचा खर्च कोणी सोसायचा, मधल्या काळात लोकांनी कोणत्या वाटेने जायचे आणि या सगळ्यात त्या लोकांना विचारायचे की नाही, हे प्रश्न मग एकदमच अंगावर येतात. सोलापूर जिल्ह्याचा दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास या दृष्टीने पाहिला तर असे दिसते की पूल बांधणारी संस्था, त्याची कायदेशीर मालक असलेली संस्था आणि त्यावरून रोज ये-जा करणारा समाज हे तिघे येथे बहुतेक वेळा एकमेकांपासून वेगळे राहिले, आणि मालकाने वाटसरूला उत्तर द्यावे अशी तरतूद कायद्यात आपणहून फारच थोड्या वेळा आली. जी आली ती लोकांच्या रेट्याने किंवा एखाद्या दुर्घटनेनंतर आली.

सोलापूर हा भीमा आणि सीना या नद्यांनी आखलेला जिल्हा आहे. भीमा करमाळा, माढा, पंढरपूर, मंगळवेढा अशी खाली उतरत जाते आणि सीना उत्तरेकडून येऊन हत्तरसंग कुडल येथे तिला मिळते. नीरा आणि माण या नद्याही भीमेतच येऊन मिळतात. या नद्यांचा स्वभाव असा की वर्षाचे सात-आठ महिने त्या पायी ओलांडता येत आणि पावसाळ्यात मात्र दोन काठांचा संबंध तुटत असे. नदीचे पात्र रुंद व उथळ असून जेथे माणूस, बैल किंवा गाडी पाण्यातून पार होऊ शकते त्या जागेला उतार म्हणत, आणि उतार बंद झाला की नावेशिवाय दुसरा मार्ग नसे. नाव चालवणारे बहुधा कोळी समाजाचे असत. पंढरपुरात वारकऱ्यांना चंद्रभागा पार करून देण्याचे काम याच समाजाने पिढ्यानपिढ्या केले. नावाडी गावातलाच, त्याचा मोबदला गावाच्या धान्यातून किंवा उतारूंच्या पैशातून येणारा, आणि नाव गळकी असेल तर त्याची तक्रार त्याच्याच तोंडावर करता येणारी, अशी ती व्यवस्था होती. तिच्यात जातीची बंधने होती, सुरक्षिततेची हमी नव्हती आणि पुरात नाव उलटली तर दाद मागण्याची जागाही नव्हती, त्यामुळे तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु नदी पार करवणारा आणि पार होणारा एकमेकांना ओळखत होते, ही गोष्ट नंतरच्या व्यवस्थेशी तुलना करताना लक्षात ठेवावी लागते. मुंबई इलाख्यात १८६८ साली तरींविषयी, म्हणजे नदी ओलांडण्यासाठी ठेवलेल्या नावांविषयी, कायदा झाला आणि महत्त्वाच्या तरी सरकारी नियंत्रणाखाली येऊन त्यांचे मक्ते देण्याची रीत रूढ झाली. नावाडी गावचाच राहिला, पण त्याचा हिशेब आता कचेरीत होऊ लागला.

जिल्ह्यातील पहिले मोठे पूल आले ते रेल्वेबरोबर, आणि ते आणणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीची घडणच उत्तरदायित्वाच्या दृष्टीने विचित्र होती. १८४९ च्या करारानुसार या कंपनीच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी देण्यात आली होती, म्हणजे रेल्वेचे उत्पन्न कमी पडले तर तूट भारताच्या महसुलातून भरून निघणार होती. भागधारक इंग्लंडमध्ये, कंत्राटदार मुंबईत, मजूर दख्खनच्या खेड्यांतला आणि तोट्याची जोखीम सारा भरणाऱ्या रयतेची, असा हा मामला होता. सरकारने कंपनीवर देखरेख ठेवण्यासाठी सल्लागार अभियंते नेमले होते आणि त्यांच्या संमतीशिवाय कामे मंजूर होत नसत. परंतु ही देखरेख सरकार आणि कंपनी या दोघांमधली होती, तिच्यात ज्यांच्या पैशावर हमी उभी होती त्यांचा शिरकाव नव्हता. पुण्याहून निघालेला मार्ग १८५८ च्या अखेरीस भीमेच्या काठावरील डिकसळपर्यंत पोहोचला, १८५९ मध्ये नदी ओलांडून बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत गेला आणि १८६० मध्ये सोलापूरला आला. पुढे तो १८७१ मध्ये रायचूरला मद्रास रेल्वेला जाऊन मिळाला.

इतक्या वेगाने केलेल्या बांधकामाची किंमत लवकरच कळली. जुलै १८६७ मध्ये भोर घाटातील एक उंच दगडी पूल कोसळला, आणि त्या निमित्ताने या रेल्वेच्या इतर पुलांची तपासणी झाली तेव्हा बाहेरून घडीव दगड आणि आत कच्ची भर असे निकृष्ट काम ठिकठिकाणी आढळून आले. अनेक पूल नव्याने बांधावे लागले. पूल बदलण्याच्या मोठ्या कार्यक्रमाचे हे महाराष्ट्रातील बहुधा पहिलेच उदाहरण असावे, आणि त्यातील एक गोष्ट आजही विचारात घेण्याजोगी आहे: दोष उघड झाला तो नियमित तपासणीमुळे नव्हे, तर पूल पडल्यामुळे. ब्रिटनमध्येही १८७९ च्या डिसेंबरात टे नदीवरील पूल धावत्या गाडीसह कोसळला तेव्हा चौकशी झाली. पण ती उघड बसली, साक्षी वृत्तपत्रांत छापून आल्या आणि पुलाचा रचनाकार टॉमस बाऊच याच्यावर प्रमुख दोष नावानिशी ठेवण्यात आला. सोलापूरच्या मार्गावर प्रवास करणाऱ्या एतद्देशीयांना अशी उघड चौकशी मागण्याचे साधन त्या काळी नव्हते.

रस्त्यांवरील पुलांची कथा वेगळ्या वाटेने गेली. १८६९ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात लोकल फंड पक्का झाला, म्हणजे जमीनमहसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा जादा पट्टी बसली आणि तिच्यातील दोन तृतीयांश भाग रस्ते, पूल, विहिरी अशा कामांना व एक तृतीयांश शिक्षणाला देण्याची वाटणी ठरली. येथे पैसा देणारा कोण याविषयी शंका नव्हती, तो शेतकरीच होता. पण त्या पैशातून कोणता रस्ता किंवा कोणता पूल व्हावा हे ठरवणाऱ्या समित्यांवर कलेक्टरचे अध्यक्षत्व आणि सरकारनियुक्तांचा भरणा होता. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात शेतकऱ्यावरील बोज्यांत लोकल फंडाचीही गणना केली ती याच वस्तुस्थितीमुळे. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या स्थानिक स्वराज्यविषयक ठरावानंतर १८८४ मध्ये लोकल बोर्डांचा कायदा झाला व निवडणुकीचे तत्त्व अंशतः मान्य झाले, तरी मतदाराचा हक्क फार थोड्यांना होता.

या काळातील लोकसहभागाचा सर्वांत ठळक दाखला पुलाचा नाही, दुष्काळी कामांचा आहे, आणि तो सोलापूरशी जवळून निगडित आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळला आणि हजारो माणसे रस्ते व तलावांच्या सरकारी कामांवर गेली. रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीवरून १८७७ च्या आरंभी त्या कामांवरील मजुरी घटवण्यात आली, तेव्हा मजुरांनी कामे सोडून निषेध केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने आपल्या प्रतिनिधींमार्फत दुष्काळी भागांतील माहिती गोळा करून ती सरकारपुढे क्रमाक्रमाने ठेवली. सरकारी कामावर किती माणसे आहेत, त्यांना काय मिळते, त्यात पोट भरते का, याची सरकारबाहेरच्या संस्थेने केलेली ही नोंद होती. सार्वजनिक कामाचा हिशेब सरकारने द्यावा आणि तो देत नसेल तर लोकांनी स्वतः मांडावा, ही कल्पना या मुलखाला बाहेरून शिकवावी लागलेली नाही. ती येथे दुष्काळाच्या खडीवर जन्माला आली.

सोलापूर नगरपालिका १८५२ ची, म्हणजे रेल्वेपेक्षा आठ वर्षांनी जुनी. तरीही शहराच्या अंगावरून रेल्वेमार्ग गेला तेव्हा त्याच्या जागेविषयी नगरपालिकेला निर्णायक अधिकार नव्हता, आणि पुढे १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, जिला शहर जुनी गिरणी म्हणते, सुरू झाली, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम या गिरण्या आल्या, तशी वस्ती वाढत रुळांच्या पलीकडे पसरली. रुळांनी दुभंगलेल्या शहराला दोन भाग जोडणारे पूल हवे होते, आणि येथे १८९० च्या भारतीय रेल्वे कायद्यातील एक तरतूद आड आली. तिचा आशय असा की मार्ग घालताना आसपासच्या जमिनींच्या व वहिवाटीच्या सोयीसाठी लागणारे रस्ते, पूल, मोऱ्या रेल्वेने स्वतःच्या खर्चाने बांधून द्याव्यात. या कामांना कायद्याच्या परिभाषेत सोयीची कामे म्हणता येईल. परंतु मार्ग वाहतुकीला खुला झाल्यापासून दहा वर्षे उलटल्यावर अशा आणखी कामांचा खर्च रेल्वेवर लादता येत नसे, आणि नंतर जमीनमालकाला, प्रांतिक सरकारला किंवा स्थानिक संस्थेला नवे काम हवे असल्यास ते तिने आपल्या खर्चाने करवून घ्यावे अशी वाट ठेवली होती. सोलापूरचा मार्ग १८६० चा; म्हणजे गिरण्यांमुळे शहर वाढू लागले तेव्हा ही दहा वर्षांची मुदत केव्हाच संपली होती. शहराला पुलाची गरज पडली ती रेल्वेमुळे, पण त्या गरजेचा भार कायद्याने शहराकडे ढकलला. १९८९ च्या रेल्वे कायद्यानेही सोयीच्या कामांची ही मांडणी मुख्यतः तशीच पुढे चालवली.

रेल्वे स्थानकाजवळील भैय्या चौक आणि मरीआई चौक यांना जोडणारा, दमाणीनगरचा पूल या नावानेही ओळखला जाणारा रेल्वेवरील पूल १९२२ चा. त्या वर्षीची शासनरचना ध्यानात घेतली तर एकाच पुलावर किती सत्ता येऊन टेकल्या होत्या हे कळते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १९०० साली सरकारने विकत घेतली होती, पण तिचा कारभार कंपनीकडेच ठेवला होता. कंपनीचा कारभार संपवावा अशी भारतीय लोकमताची मागणी होती, अ‍ॅकवर्थ समितीने १९२१ मध्ये सरकारी व्यवस्थापनाच्या बाजूने कौल दिला होता, आणि प्रत्यक्ष हस्तांतर व्हायला १ जुलै १९२५ उजाडले. दुसरीकडे १९१९ च्या सुधारणांनी प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आणली होती, म्हणजे काही खाती निवडून आलेल्या मंत्र्यांकडे सोपवली होती, ज्यांना सोपीव खाती म्हणत, आणि काही गव्हर्नरच्या हाती राखून ठेवली होती. स्थानिक स्वराज्य हे सोपीव खाते होते, तर रेल्वे हा संपूर्णपणे केंद्राचा विषय होता. पुलाखालून जाणारी गाडी अशा रीतीने दिल्लीच्या अखत्यारीत होती, पुलावरचा माणूस मुंबईच्या सोपीव खात्याचा आणि सोलापूर नगरपालिकेचा होता, आणि दोहोंच्या मधला पोलाद-दगडाचा सांधा लंडनमध्ये मुख्यालय असलेल्या कंपनीच्या कारभाऱ्यांकडे होता. ही रचना आज इतिहासजमा झाली असली तरी तिचा सांगाडा टिकून आहे: रुळांवरील भाग रेल्वेने करायचा आणि दोन्ही बाजूंचे पोहोच रस्ते, म्हणजे पुलावर चढण्या-उतरण्याचे उतार, राज्य सरकारने किंवा महापालिकेने करायचे, ही आजची वहिवाट त्याच विभागणीतून आलेली आहे.

रेल्वेच्या बाजूने एक सुधारणा मात्र खरोखर महत्त्वाची झाली. गाड्यांच्या सुरक्षिततेची तपासणी करणारे निरीक्षक पूर्वी रेल्वे बोर्डाच्याच हाताखाली होते. ज्याचे काम तपासायचे त्याच्याच हाताखाली तपासनीस असणे योग्य नाही हे मान्य होऊन १९४१ मध्ये त्यांना बोर्डापासून वेगळे काढण्यात आले. हे अधिकारी आज रेल्वे सुरक्षा आयुक्त म्हणून ओळखले जातात आणि त्यांचे खाते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या छत्राखाली आहे. रेल्वेच्या प्रवाशाला असा एक तटस्थ तपासनीस मिळाला. रस्त्यावरच्या पुलाने जाणाऱ्याला तो अद्याप मिळालेला नाही, कारण महाराष्ट्रात रस्त्यांवरील पूल बांधणारा सार्वजनिक बांधकाम विभागच त्यांची पावसाळ्यापूर्वीची व पावसाळ्यानंतरची पाहणी करतो. १९४१ मध्ये जे तत्त्व रुळांना लागू झाले ते रस्त्यांना लागू होऊ नये याला कोणतेही तात्त्विक कारण दिसत नाही.

सोलापूर जिल्ह्यातील पुलांच्या इतिहासात सर्वांत बोलका आहे तो मात्र शहरापासून दूर, करमाळा आणि इंदापूर या तालुक्यांच्या सीमेवरचा डिकसळचा पूल. १८५९ मध्ये ज्या मार्गाने रेल्वे भीमा ओलांडून सोलापूर जिल्ह्यात आली त्या मार्गावरचा हा दगडी पूल शंभराहून अधिक वर्षे गाड्यांचे वजन वाहत होता. उजनी धरणाचे काम १९६० च्या दशकात सुरू होऊन १९८० मध्ये पूर्ण झाले, भीमेचे पात्र मैलोगणती फुगले, इंदापूर, करमाळा, माढा या तालुक्यांतील अनेक गावे पाण्याखाली गेली आणि रेल्वेचा मार्गही उचलून दुसरीकडे न्यावा लागला. रेल्वे गेली, पूल राहिला. करमाळ्याच्या पश्चिम भागातील कोंढारचिंचोलीसारख्या गावांना भिगवणची बाजारपेठ, तिथले दवाखाने, शाळा-महाविद्यालये आणि पुण्याचा महामार्ग गाठण्यासाठी तोच जवळचा रस्ता होता, म्हणून रुळांच्या जागी चाके आली आणि आगगाडीचा पूल वाहनांचा पूल झाला. ही एक प्रकारे पुलाची बदली होती, पण उलट्या दिशेची: जुन्याच्या जागी नवा आला नाही, जुन्यालाच नवे काम दिले गेले.

या बदलात उत्तरदायित्वाचा धागा कोठे तुटला हे स्पष्ट दिसते. रेल्वेच्या दृष्टीने तो पूल निरुपयोगी झाला होता. रस्त्याचा पूल म्हणून तो कधी आखलेलाच नव्हता, तेव्हा त्याची रुंदी, कठडे, वाहनांची भारमर्यादा यांपैकी काहीच रस्त्याच्या मापाने ठरलेले नव्हते. आणि नदी हीच पुणे व सोलापूर या जिल्ह्यांची सीमा असल्यामुळे त्याचे एक टोक एका जिल्हा प्रशासनाकडे व दुसरे टोक दुसऱ्याकडे राहिले. ज्यांनी धरणासाठी जमिनी दिल्या त्यांचाच हा रस्ता होता. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्ये झाला. त्यात घर आणि जमीन यांचा विचार होता, परंतु पाणी पसरल्याने तुटलेल्या वाटा पुन्हा सांधून देणे हाही पुनर्वसनाचाच भाग आहे, ही जाणीव व्यवहारात फार उशिरा आली. ऊस वाढला, साखर कारखाने वाढले, उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि मालमोटारी याच पुलावरून जाऊ लागल्या. पुढे दगडी बांधकाम ढासळू लागले, जड वाहनांना मज्जाव करावा लागला, आणि दोन्ही काठांच्या गावांनी निवेदने देत, आंदोलने करीत नव्या पुलाची मागणी लावून धरली. नवा पूल मंजूर झाला तो या रेट्यामुळे. आपला पूल धोक्यात आहे हे येथे आधी ग्रामस्थांनी ओळखले आणि नंतर प्रशासनाने मान्य केले, हा क्रम नोंदवून ठेवावा असा आहे.

तुटलेल्या वाटांची किंमत याच जलाशयावर पुन्हा एकदा मोजावी लागली. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्या दरम्यान प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. १८६८ मध्ये कायद्याच्या चौकटीत आणलेली तर २०२४ मध्येही जिल्ह्याच्या एका भागात रोजच्या प्रवासाचे साधन होती, आणि तिच्यावरील देखरेख तेव्हाच्यापेक्षा चांगली होती असे म्हणवत नाही. कुगाव व शिरसोडी यांना जोडणाऱ्या पुलाची मागणी जुनीच होती. या दुर्घटनेनंतर तिला सर्वत्र वजन आले.

सोलापूरच्या या अनुभवाशेजारी कोल्हापूरचा अनुभव ठेवला तर लोकसहभागाचे दुसरे रूप दिसते. पंचगंगेवरील शिवाजी पूल १८७८ मध्ये पूर्ण झालेला. त्याच्या शेजारी पर्यायी पूल बांधायला घेतला, बरेचसे काम झाले आणि मग ते थांबले, कारण जवळच असलेली ब्रह्मपुरी टेकडी हे केंद्राचे संरक्षित पुरातत्त्वीय स्थळ आहे व २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्थळापासून शंभर मीटरच्या आत कोणतेही नवे बांधकाम, अगदी सार्वजनिक कामही, करता येत नव्हते. कोल्हापूरच्या सर्वपक्षीय कृती समितीने हा प्रश्न रस्त्यावर आणि दिल्लीत दोन्हीकडे नेला, आणि त्या कायद्यात सार्वजनिक कामांपुरती सवलत देणारे विधेयक जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेत संमत झाले. त्याच महिन्याच्या २६ तारखेच्या रात्री जुन्या पुलाचा कठडा तोडून मिनीबस नदीत कोसळली व १३ जणांचा बळी गेला. विधेयक पुढे राज्यसभेत अडकले, तेव्हा उरलेल्या बांधकामासाठी आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घेण्यात आला आणि २०१९ मध्ये नवा पूल वाहतुकीला खुला झाला. पुरातत्त्वीय स्थळाचे रक्षण करणारा नियम मुळात चुकीचा नव्हता, आणि त्याला सरसकट सवलत मागणाऱ्या विधेयकाला विरोध करणाऱ्यांचे म्हणणेही निराधार नव्हते. चूक होती ती पूल आखताना या दोन गरजा एका टेबलावर आणल्या गेल्या नाहीत ही. लोकांशी आणि संबंधित खात्यांशी बोलणे आराखड्याच्या वेळी झाले असते तर जी तडजोड काही महिन्यांत झाली असती, तिला वर्षे लागली.

महाडजवळ सावित्री नदीवरील १९२८ चा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री एसटीच्या दोन गाड्यांसह वाहून गेला, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यातील पाहणीत तो वाहतुकीस योग्य ठरवला गेला होता असे नंतर शासनाने सांगितले. नवा पूल ५ जून २०१७ ला, म्हणजे वर्षाच्या आत खुला झाला, आणि या वेगाचे योग्य ते कौतुकही झाले. परंतु ज्या पाहणीने जुन्या पुलाला योग्य ठरवले तिचा तपशील लोकांपुढे आधी ठेवलेला नव्हता, हे त्या वेगाने झाकता येत नाही. मुंबईत अंधेरीच्या गोखले पुलाचा पहिला भाग फेब्रुवारी २०२४ मध्ये खुला झाला तेव्हा तो शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलापेक्षा दीड मीटरच्या आसपास उंच असल्याचे सर्वांच्या डोळ्यांसमोर आले. रुळांवरील उंचीचे नियम बदलले होते आणि महापालिकेच्या जुन्या उड्डाणपुलाशी त्यांचा मेळ वेळेत घातला गेला नव्हता. रेल्वे आणि नगरसंस्था यांच्यातील जी फट १८९० च्या कायद्याने ठेवली ती तेथे मीटरमध्ये मोजता आली.

या पार्श्वभूमीवर डिसेंबर २०२५ मध्ये सोलापूरचा दमाणीनगरचा पूल, वयाची शंभरी ओलांडून, पाडण्यात आला. त्यासाठी रेल्वेने मेगाब्लॉक घेतला, म्हणजे ठरावीक तासांसाठी त्या मार्गावरील गाड्या पूर्ण थांबवल्या. तांत्रिकदृष्ट्या हे काम नेटके होते, आणि इतका जुना पूल पाडणे आवश्यक होते याविषयी वाद करण्याचे कारण नाही. इतिहासाच्या दृष्टीने लक्षात घ्यायची गोष्ट दुसरीच आहे. सोलापूर महानगरपालिकेतील निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक झाली ती १५ जानेवारी २०२६ ला. मधली जवळपास चार वर्षे शहराचा कारभार प्रशासकाने पाहिला. १९२२ मध्ये हा पूल झाला तेव्हा शहराच्या नगरपालिकेत, मर्यादित मताधिकारावर का होईना, काही निवडून आलेले सभासद होते. तो पाडला गेला तेव्हा महापालिकेत एकही नव्हता. पर्यायी रस्ते कोणते, दुचाकी आणि पायी जाणाऱ्यांचे काय, रुग्णवाहिकेने कोठून जायचे, आसपासच्या दुकानदारांचे काय, हे प्रश्न सभागृहात उभे राहून विचारण्याचा ज्यांना अधिकार आहे तेच त्या काळात पदावर नव्हते. ज्या शहराच्या नगरपालिकेने ६ एप्रिल १९३० रोजी आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकवला, आणि ज्या शहराने त्याच वर्षी मे-जूनमध्ये लष्करी कायदा सोसला, त्या शहराच्या दृष्टीने सभागृहाचे हे रिकामेपण साधी प्रशासकीय बाब म्हणून सोडून देण्याजोगे नाही.

लोकांना विचारण्याची साधने कायद्यात अजिबात नाहीत असे नाही, पण ती पुलाच्या बाबतीत बाजूला पडतात. पर्यावरणविषयक जनसुनावणी, म्हणजे प्रकल्पाच्या जागी लोकांची मते उघडपणे नोंदवण्याची बैठक, मोठ्या प्रकल्पांच्या ठरावीक वर्गांना लागू आहे; शहरातील जुन्या पुलाच्या जागी नवा पूल बांधताना ती सहसा होत नाही. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यातील सामाजिक परिणामांचा अभ्यास जमीन घ्यायची असेल तरच येतो, आणि जो केवळ रोज त्या पुलावरून जातो त्याची जमीन कोणी घेत नसल्यामुळे तो या कायद्याच्या नजरेतच येत नाही. महाराष्ट्राने २००९ मध्ये महापालिका कायद्यात दुरुस्ती करून क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागाच्या एका भागातील मतदारांच्या सभेची, तरतूद केली. शहरांतील ग्रामसभाच म्हणावी अशी ती कल्पना होती, पण राज्यातील शहरांत तिला प्रत्यक्ष रूप क्वचितच मिळाले. उरतो तो २००५ चा माहितीचा अधिकार. त्याच्या चौथ्या कलमानुसार सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या कामाची माहिती अर्जाची वाट न पाहता स्वतःहून प्रसिद्ध करायची आहे. पुलाची तपासणी केव्हा झाली, कोणी केली, काय आढळले आणि किती भार चालेल, ही माहिती या कलमात बसते, आणि ती प्रसिद्ध करायला नवा कायदा, नवा निधी किंवा नवे खाते यांपैकी कशाचीही गरज नाही.

म्हणून सोलापूर महानगरपालिकेच्या सभागृहाने आता एवढे करावे: शहरातील रेल्वेवरचे, नाल्यांवरचे आणि रस्त्यांवरचे सर्व पूल, त्यांचे मालक, त्यांचे बांधकामवर्ष आणि त्यांच्या शेवटच्या तपासणीचा निष्कर्ष यांची मराठी यादी रेल्वे व बांधकाम विभागाकडून मागवून विभागीय कार्यालयांत लावावी, आणि दमाणीनगरच्या नव्या पुलाचा आराखडा, खर्च व मुदत त्याच यादीत पहिल्या ओळीत द्यावी. जिल्हा परिषदेने असेच डिकसळपासून हत्तरसंग कुडलपर्यंतच्या पुलांचे आणि तरींचे करावे. तोवर ज्यांची रोजची वाट एखाद्या जुन्या पुलावरून जाते त्यांनी आपल्या पुलाच्या तपासणीचा अहवाल मागणारा अर्ज करावा. केंद्राच्या खात्यांसाठी त्याला दहा रुपये फी पडते आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे.